राजाने जाळलेला इशारा

बायबलमध्ये यिर्मया यांच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. हिवाळ्यात यहूदाचा राजा यहोयाकीम शेगडीपुढे बसला होता. यिर्मयांनी सांगितलेला व बारूखने लिहिलेला ईश्वरी इशारा त्याला वाचून दाखवला जात होता. तीन-चार रकाने झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापून विस्तवात टाकी. यिर्मयांनी तो इशारा पुन्हा लिहवून घेतला. पुढे इ.स.पूर्व 587च्या सुमारास बाबिलच्या फौजेने जेरुसलेम जाळले.

बनी इस्राईलचा उपद्रव आणि त्याची शिक्षा कुरआननेही सांगितली आहे. आपण कुरआन रेशमी कापडात जपून ठेवतो. पण बहिणीच्या वारसाहक्काचा हुकूम आला की गप्प बसतो. मग त्या राजापेक्षा आपण वेगळे कसे? तिचा वाटा तिला देऊन टाकू या.