मेसचं बिल आणि दोन भाषा

मी कॉन्व्हेंटवाला. भाजीवाल्या मावशी ‘एकोणऐंशी’ म्हणाल्या की मी आधी मनात त्याचं इंग्रजी करतो आणि मग खिशात हात घालतो. एकदा एकोणनव्वद ऐकून दहा रुपये जास्त दिले. मावशींनी परत केले, ती गोष्ट वेगळी! मावशींचा हिशोब बरोबर होता, नोटाही खऱ्या होत्या. चूक झाली ती मधल्या सांध्यात. आमच्या मेसच्या बिलाचंही असंच झालं.

बिलाचा प्रोग्रॅम मी आणि माझ्या रूम पार्टनरने मिळून लिहिला. हिशोब त्याने एफ-शार्पमध्ये केला, स्क्रीन मी सी-शार्पमध्ये. सी-शार्पमध्ये सगळं क्लास आणि ऑब्जेक्टभोवती फिरतं. एफ-शार्प फंक्शनल वळणाची, तिथे फंक्शन हाच राजा. ही भाषा डॉन साइम यांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेत तयार केली आणि २०१० च्या व्हिज्युअल स्टुडिओत ती सगळ्यांच्या हाती आली.

आता तुम्ही म्हणाल, दोन वेगळ्या भाषा एकमेकींशी बोलणार कशा? तर दोन्हींचं कंपाइल होऊन एकच मधली भाषा बनते आणि ती डॉटनेटवर चालते. एफ-शार्पचं मॉड्यूल सी-शार्पला स्टॅटिक क्लास म्हणून दिसतं आणि त्यातली फंक्शन्स स्टॅटिक मेथड म्हणून. डीएलएलचा रेफरन्स द्या, सोबत एफ-शार्पची कोअर लायब्ररी ठेवा, झालं काम.

म्हणजे असं मला वाटलं होतं.

पहिला झटका किरकोळ होता. पार्टनरच्या एका फंक्शनला रोजचा दर आणि दिवस अशा दोन गोष्टी लागायच्या. त्याने दर ९० रुपये आधीच भरून ठेवला आणि उरलेल्या अर्ध्या फंक्शनला नवं नाव दिलं. एफ-शार्पमध्ये हे रोजचंच. पण माझ्याकडे ती साधी मेथड म्हणून आलीच नाही, एक ऑब्जेक्ट आला आणि त्याला ‘इन्व्होक’ म्हणून हाक मारावी लागली. पार्टनरने व्याख्येत ‘दिवस’ हा पॅरामीटर उघड लिहिला आणि ती मुकाट्याने मेथड झाली.

खरा घोळ सुट्टीच्या दिवसांचा. कोण किती दिवस घरी होतं हे सांगणारं फंक्शन ‘ऑप्शन’ परत करायचं. नोंद असेल तर ‘सम’ आणि त्यात आकडा, नोंदच नसेल तर ‘नन’. अर्ज नामंजूर झाला तर सम शून्य. शून्य वेगळं आणि ‘माहीत नाही’ वेगळं, हे पार्टनरने मुद्दाम जपलं होतं. ‘नन’ची वाट विसरलात तर एफ-शार्पचा कंपाइलर वॉर्निंग देतो. पण चालताना हा ‘नन’ म्हणजे चक्क नल! मी सरळ व्हॅल्यू मागितली आणि बिलं काढायच्या रात्री प्रोग्रॅम धाडकन आपटला.

रात्रीचा एक वाजलेला. मी काय केलं? नल असेल तर शून्य धरा, अशी एक ओळ टाकली. बिलं निघाली आणि मी झोपलो.

दोन दिवसांनी आमच्याच मजल्यावरचा एक मुलगा बिल घेऊन आला. वडील आजारी म्हणून तो नऊ दिवस गावी होता. जाताना त्याने अर्ज दिला होता, पण तो रजिस्टरमध्येच राहिला, कॉम्प्युटरवर कोणी चढवलाच नव्हता. पूर्ण महिन्याचं बिल, म्हणजे ८१० रुपये जास्त. त्याने आवाजसुद्धा चढवला नाही, फक्त विचारलं, ‘काही चुकलंय का रे?’ प्रोग्रॅम आपटला होता तेच बरं होतं. तेव्हा निदान काहीतरी राहिलंय हे कळत तरी होतं. माझ्या त्या ओळीने ते झाकून टाकलं.

मग पार्टनरने एफ-शार्पच्याच बाजूला सी-शार्पला समजेल असा एक दरवाजा बांधला. ही मेथड आधी नोंद सापडली की नाही हे खरं-खोटं सांगते आणि आकडा वेगळ्या आउट पॅरामीटरमधून देते. ऑप्शन आता आतल्या आत राहतो. ‘खोटं’ आलं की माझी स्क्रीन त्या नावाचं बिल काढत नाही, नाव पिवळं करते.

पहिल्याच महिन्यात अकरा नावं पिवळी झाली. मेस सेक्रेटरी वैतागला, पण रजिस्टर घेऊन बसला. त्या मुलाचे ८१० रुपये त्याच बिलातून वजा केले.