तुटलेल्या केबली आणि इंटरनेटचे संकेतनियम

दिनांक ३० जानेवारी २००८ रोजी ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील दोन केबली तुटल्या. ‘सी-मी-वी ४’ आणि ‘फ्लॅग युरोप-एशिया’ ही त्यांची नावे. दोन्ही केबली मुंबईच्या किनाऱ्यास येऊन मिळत असल्यामुळे भारताची पश्चिमेकडील संदेशवहनाची क्षमता एकाएकी घटली. तथापि इंटरनेट बंद पडले नाही. ते मंद झाले. असे का व्हावे, या प्रश्नाच्या उत्तरात संगणकजालाची मूलतत्त्वे सामावलेली आहेत. प्रस्तुत टिपणात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

मलिक अंबरने सतराव्या शतकात आपल्या शहरासाठी जी नहर बांधविली, तिच्यातील पाण्याचा मार्ग उताराने कायमचा ठरून गेलेला होता. वरच्या बाजूस नळ फुटला, की त्याच्या खालचा भाग कोरडा पडावयाचा. जुन्या दूरध्वनीची रीतही काहीशी अशीच होती. संभाषण संपेपर्यंत एक मार्ग त्या दोघांसाठी राखून ठेवला जाई. इंटरनेटमध्ये असा राखीव मार्ग नसतो. संदेशाचे लहान तुकडे करतात. त्यांस पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्या व घेणाऱ्या संगणकाचा पत्ता असतो. वाटेतील राउटर तो पत्ता वाचून केवळ पुढचा टप्पा ठरवितो. पॅकेट पोहोचेलच, किंवा क्रमाने पोहोचेल, असे आश्वासन तो देत नाही. ‘इंटरनेट प्रोटोकॉल’ म्हणजे आयपी या संकेतनियमाचे कार्य येथेच संपते.

मग हमी कोणाची? ती दोन टोकांच्या संगणकांची. ‘टीसीपी’ या दुसऱ्या संकेतनियमानुसार पाठविणारा संगणक मजकुराच्या बाइटांना क्रमांक देतो, घेणारा पोच देतो, आणि पोच न आल्यास तो भाग पुन्हा पाठविला जातो. सर्फ आणि कान यांनी १९७४ मध्ये मांडलेली कल्पना पुढे या दोन नियमांत विभागली गेली व १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटने त्यांचा स्वीकार केला. मध्यभागावर जबाबदारी थोडी असल्यामुळेच मधला मार्ग बदलला तरी टोकांचे व्यवहार चालू राहू शकतात.

केबल तुटल्यावर मार्ग बदलण्याचे काम ‘बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल’ करतो. कोणत्या पत्त्यांपर्यंत आपल्यामार्फत पोहोचता येते, हे प्रत्येक जाळे शेजारच्या जाळ्यास कळवीत असते; वाट मोडली की ती सूचना मागे घेतली जाते आणि उरलेल्यांतून दुसरी वाट निवडली जाते. २००८ मध्ये पुष्कळशी वाहतूक अशा रीतीने पूर्वेकडे, पॅसिफिक महासागराच्या दिशेने वळली.

मंदपणाची कारणे दोन. पहिले अंतराचे. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे वाट १०,००० किलोमीटरने वाढल्यास जाण्यायेण्यात ०.१ सेकंदाची भर पडते. टीसीपीच्या मूळ रचनेत पोच न आलेले फार तर ६५,५३५ बाइट वाटेत असू शकतात. जाण्यायेण्यास ०.१ सेकंद लागत असेल तर वेग सेकंदास सुमारे ६.५ लाख बाइट. तो काळ ०.३ सेकंद झाला तर सुमारे २.२ लाख. नंतरच्या सुधारणेने ही मर्यादा वाढविता येते. परंतु अंतर काही घटत नाही. दुसरे कारण गर्दीचे. नवी वाट निवडताना तिच्यावरील भार हा नियम मोजत नाही. राउटरची रांग भरली की पॅकेट टाकून दिली जातात, आणि ती हरवल्याचे ध्यानात येताच टीसीपी आपला वेग उतरवितो. जेकबसन यांनी १९८८ मध्ये सुचविलेला हा संयम नसता, तर पुनःपुन्हा पाठविलेल्या पॅकेटांनीच उरलेल्या केबली गुदमरल्या असत्या.

तात्पर्य, संकेतनियम असलेल्या वाटांतून निवड करू शकतात, नवी वाट निर्माण करू शकत नाहीत. नकाशावर त्या केबली दोन होत्या. धोका मात्र एकच होता, कारण दोघीही एकाच अरुंद सागरी पट्ट्यातून जात होत्या. आपल्या विद्यापीठासारख्या संस्थेने दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या, पण दोन्हींचे तंतू एकाच रस्त्याकडेच्या चरातून आले, तर एका कुदळीच्या घावाने दोन्ही तुटतील. म्हणून जाळ्याची विश्वसनीयता अभ्यासणाऱ्याने राउटरच्या कोष्टकाबरोबर जमिनीचा नकाशाही वाचावयास शिकले पाहिजे.