नुसती जोडणी की शोध?

वडील लोहार. त्यांनी तिफणीला खतासाठी दुसरे चाडे जोडले, तेव्हा गाव म्हणाले, "त्यात काय विशेष?" कॅमेऱ्याच्या सेन्सरविषयी वाचताना मला तोच प्रश्न पुन्हा भेटला.

पाण्यावरील चकाकी घालवण्यासाठी छायाचित्रकार भिंगापुढे पोलरायझर लावतात. एका ठराविक दिशेने कंप पावणारा प्रकाशच तो आत सोडतो. सोनी कंपनीने २०१८ साली जाहीर केलेल्या सेन्सरमध्ये मात्र प्रत्येक प्रकाशबिंदूवरच सूक्ष्म तारांची जाळी आहे. शेजारच्या चार बिंदूंवर तिच्या दिशा ०, ४५, ९० व १३५ अंशांच्या. त्यामुळे काच न फिरवता एकाच छायाचित्रात चारही मोजमापे मिळतात.

तारांची जाळी जुनीच. हर्ट्झने १८८८ साली ती विद्युतचुंबकीय लहरींसाठी वापरली होती. मग पेटंट कशाचे? आपल्या १९७० च्या कायद्याचे कलम ३ सांगते की, माहितीतली साधने नुसती एकत्र मांडली आणि प्रत्येक आपले जुनेच काम स्वतंत्रपणे करीत राहिले, तर तो शोध नव्हे. येथे मात्र जाळी व बिंदू मिळून नवे काम करतात. तरीही ती रचना नवी होती का, जाणकाराला सहज सुचली असती का, हे तपासावेच लागते.

"त्यात काय विशेष?" असे कायदाही विचारतो. फरक इतकाच की, तो उत्तर ऐकून घेतो.