उपग्रहाला लाव्हाचे थर दिसतात का?

दख्खनच्या बेसॉल्टचा नकाशा करायला घेतला की पहिला मोह होतो तो बँड रेशोचा. लँडसॅट ८ ची प्रतिमा फुकट मिळते. बँड ४ ला बँड २ ने भागलं की लोहाचे ऑक्साइड उजळतात आणि महाबळेश्वर-पाचगणीची पठारं लगेच चमकायला लागतात. पण तो जांभा. बेसॉल्ट झिजून वर उरलेलं आवरण. खालच्या लाव्हाबद्दल त्यातून काही कळत नाही.

आपल्याला हव्या असतात दोन प्रवाहांमधल्या सीमा. तिथे पुष्कळदा लाल बोलचा थर असतो, पण बहुधा मीटर-दोन मीटर जाड, तोही उभ्या कड्यात. उपग्रह बघतो वरून, आणि त्याचा एक पिक्सेल ३० मीटरचा! सापडणार कसा?

म्हणून माझ्या मते इथे रंगापेक्षा उंची जास्त कामाची. प्रवाहाचा घट्ट भाग कडा धरून राहतो, सच्छिद्र भाग लवकर झिजतो. सह्याद्रीच्या पायऱ्या अशाच झाल्यात. एसआरटीएमच्या उंचीवरून उताराचा नकाशा काढा, त्या स्पष्ट उमटतात. एका घाटात जीपीएसने टिपलेली सीमा पुढच्या डोंगरावर कुठे शोधायची, याचा अंदाजही बांधता येतो. फक्त थर आडवेच आहेत असं धरू नका. कल अर्धा अंश असला तरी दहा किलोमीटरवर सुमारे ८७ मीटरचा फरक पडतो.

आणि पोलादपूर संपून आंबेनळी कुठे सुरू झालं, हे तर रासायनिक विश्लेषणच सांगतं. दिसायला दोन्ही काळेच. तेव्हा हातोडा न्या, आणि नमुना आतला, ताजा घ्या. झिजलेली साल नको.