राखणदार कुत्र्याचा स्वभाव

आदिलाबादच्या नव्या वस्त्यांमध्ये हल्ली फाटकाआड जाडजूड कुत्री दिसू लागली आहेत. रॉटवायलर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड, क्वचित एखादा पिटबुलही. दूधवाला पिशवी कुंपणावर अडकवून लांबूनच हाक मारतो, शाळेत जाणारी पोरं त्या घरापाशी आली की रस्त्याच्या पलीकडे जातात आणि मालक गच्चीवरून सांगतो, "काही करत नाही हो तो, या तुम्ही बिनधास्त." भिणाऱ्याला वाटतं, ही जातच चावरी. मालकाला वाटतं, आपलं कुत्रं कुणाला कधी दात लावणारच नाही. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे गेली साठ वर्षं जे सांगत आले आहेत, ते या दोघांनीही ऐकण्यासारखं आहे.

लोकांच्या भीतीवर २०२४ मध्ये सरकारी शिक्काही बसला. १२ मार्चला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवलं आणि २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबवायला सांगितलं. यादीत पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो होते, तसेच कांगल, अकबाश आणि कॉकेशियन शेफर्डही होते. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हे पत्र रद्द केलं, कारण ते काढताना संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलेलं नव्हतं. पत्र रद्द झालं, पण यादी मात्र लोकांच्या मनात पक्की बसली.

त्या यादीतली कांगल, अकबाश ही नावं मला फार खटकतात. ही तुर्कस्तानातल्या मेंढपाळांची कुत्री. लांडग्यांपासून कळप राखण्यासाठी शेकडो वर्षं सांभाळलेली. कळप राखणाऱ्या कुत्र्याचं काम नेमकं काय, हे समजून घेतलं की मोठ्या राखणदार कुत्र्यांविषयीच्या निम्म्या गैरसमजांची गाठ सुटते.

लांडग्याची शिकार टप्प्याटप्प्याने होते. सावज न्याहाळायचं, दबा धरायचा, पाठलाग करायचा, पकडायचं, मारायचं. माणसाने कुत्र्याच्या जाती घडवताना या साखळीतले काही टप्पे वाढवले आणि काही दाबले. मेंढरं वळवणाऱ्या बॉर्डर कॉलीत रोखून पाहणं, दबा धरणं आणि पाठलाग हे टप्पे ठळक झाले, पुढचे मागे पडले. कळपाच्या राखणदारात तर ही सगळी साखळीच मंदावलेली असते. जे कुत्रं कोकराच्या मागे धावतं ते मेंढपाळाच्या काय कामाचं? अमेरिकेत रे आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने युरोप-आशियातून अशी कुत्री नेऊन त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. चांगल्या राखणदाराच्या अंगी त्यांना तीन गुण दिसले : कळपाला इजा न करणं, कळपाला सोडून न जाणं आणि काही वेगळं दिसलं की मध्ये उभं राहणं. मध्ये उभं राहून तो भुंकतो, अंग फुगवतो. बहुतेक वेळा एवढ्यावरच भागतं. अंगाशी झोंबण्याची वेळ क्वचित येते, कारण जखमी झालेला राखणदार दुसऱ्या दिवशी कामावर नसतो.

हे गुण रक्तात असले तरी केवळ रक्तातून उतरत नाहीत. पिल्लाच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा एक काळ असतो. त्या काळात ज्यांचा वास, आवाज, स्पर्श त्याच्या ओळखीचा होतो ते त्याचे आपले, बाकी सारे परके. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत केलेल्या दीर्घ प्रयोगांतून हे स्पष्ट झालं. १९६५ मध्ये आलेला त्यांचा ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानला जातो. मेंढपाळ मात्र हे आधीपासूनच जाणून आहेत. ते पिल्लाला मेंढरांतच वाढवतात. नामिबियात चित्ता संवर्धन करणाऱ्या संस्थेने १९९४ पासून शेतकऱ्यांना अनातोलियन शेफर्डची पिल्लं दिली, ती शेळ्यामेंढ्यांत वाढवली. जनावरांचं नुकसान घटलं आणि शेतकऱ्यांनी चित्त्यांना गोळ्या घालणंही कमी केलं. राखणदार कुत्र्याने इथे जनावरंही वाचवली आणि शिकारी प्राणीही.

आपल्याकडे पैनगंगेच्या दोन्ही काठांना मेंढपाळांसोबत जी गावठी कुत्री असतात, त्यांचं कामही याच जातीचं. अंगाने ती लहान, पण रात्री कळपाभोवती पडून राहतात आणि चाहूल लागताच सगळ्यांना जागं करतात. टिपेश्वर अभयारण्यातले वाघ नदी ओलांडून आपल्या जिल्ह्यात येतात, तेव्हा ही आधी मिळणारी वर्दीच मोलाची ठरते. वाघाशी किंवा बिबट्याशी लढणं कुठल्याच कुत्र्याच्या आवाक्यातलं नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव आणि गावच्या कुत्र्यांचा निघाला. जंगलालगतच्या गावात राखणीसाठी म्हणून कुत्रं रात्री अंगणात साखळीने बांधून ठेवणं म्हणजे त्याला बिबट्यासमोर वाढून ठेवणं. शक्य असेल तर त्याला रात्री आत घ्या.

आता शहरी बंगल्याच्या राखणदारांकडे वळू. रॉटवायलर हा जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचा कुत्रा. गुरं बाजारात हाकायची आणि मांसाची गाडी ओढायची, ही त्याची कामं. डॉबरमन घडवला कार्ल फ्रीड्रिश लुइस डोबरमन या करवसुली करणाऱ्या माणसाने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, वाटेत सोबत आणि संरक्षण मिळावं म्हणून. जर्मन शेफर्ड मूळचा मेंढ्यांचाच. या सगळ्यांकडून माणसाला हवा होता तो ऐकणारा, धीराचा, सांगितल्यावर थांबणारा जोडीदार. नुसता चावणारा कुत्रा खाटकालाही परवडला नसता, गिऱ्हाईकच आलं नसतं.

मग जातीवरून स्वभाव किती कळतो? २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांविषयी मालकांना प्रश्न विचारले गेले आणि दोन हजारांवर कुत्र्यांचा जनुकीय आराखडा तपासला गेला. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला फक्त नऊ टक्के फरक जातीमुळे असल्याचं दिसलं. त्याआधी २००८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जेम्स सर्पेल यांच्या गटाने जातवार आक्रमकता मोजली होती. माणसांवर गुरगुरण्या-चावण्यात वरचा क्रमांक लागला तो डॅशहुंड आणि चिवावा या चिमुकल्या कुत्र्यांचा. दोन्ही अभ्यास मालकांनी दिलेल्या माहितीवर उभे आहेत, त्यामुळे आकडे काटेकोर मानू नयेत. दिशा मात्र स्पष्ट आहे.

शिवाय जात ओळखण्यातच आपण फसतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या निवाऱ्यांमधल्या १२० कुत्र्यांची डीएनए तपासणी झाली. तिथल्या अनुभवी कर्मचाऱ्यांनी ६२ कुत्र्यांना पिटबुल वर्गातलं म्हटलं होतं. डीएनएनुसार तसे निघाले २५. रुंद डोकं, आखूड केस, भरलेली छाती दिसली की माणसं पिटबुल म्हणून मोकळी होतात. चावा घेतल्यावर पिटबुलचा जबडा कुलूप लागल्यासारखा अडकतो, हीसुद्धा कहाणीच. त्याच्या जबड्यात अशी काही वेगळी रचना नसते.

इथे मालकांनी मात्र खूश होऊन थांबू नये. कुत्रं चावण्याची शक्यता आणि चाव्याची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिवावा दहा वेळा चावला तरी बहुतेकदा मलमपट्टीवर निभावतं. पन्नास किलोचा रॉटवायलर आयुष्यात एकदाच चावला आणि समोर लहान मूल असलं, तर त्या मुलाचा जीव जाऊ शकतो. लहान मुलाचं तोंड मोठ्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं, म्हणून मुलांना जखमा चेहऱ्यावर आणि मानेवर होतात. कुत्रं जेवढं मोठं, तेवढी मालकाच्या चुकीला जागा कमी.

आणि चूक बहुधा माणसाचीच असते. मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० मध्ये दोन नातेवाइकांत भांडण चाललं होतं. मोटारीतला रॉटवायलर बाहेर येण्यासाठी धडपडत होता. दार उघडू नका, असं सांगितलं जात असताना मालकाने ते उघडलं आणि कुत्रा थेट बहात्तर वर्षांच्या गृहस्थांना चावला. जानेवारी २०२३ मध्ये गिरगावच्या न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. खवळलेला कुत्रा दाराआड होता, दार मालकाने उघडलं. न्यायालयाने दोष अचूक जागी ठेवला, असं मला वाटतं.

परदेशात बंदीचे प्रयोग झाले आहेत. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली आणि चावे कमी होईनात म्हणून पंधरा वर्षांनी उठवली. डेन्मार्कने २०१० मध्ये १३ जातींवर बंदी आणली. ओडेन्सेच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या नोंदी तपासल्यावर बंदीमुळे चावे घटल्याचं आढळलं नाही.

आपल्या जिल्ह्यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती उन्हाची आणि साखळीची. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवाटेच ते शरीर थंड ठेवतं. बोजड अंगाच्या कुत्र्याला हे आणखी जड जातं. अमेरिकेतल्या आठ शहरांमधल्या जवळपास ७० हजार चाव्यांच्या नोंदी तपासल्या, तर तापलेल्या, कडक उन्हाच्या दिवशी चावे वाढलेले दिसले. उकाड्यात माणसंही वेगळी वागतात, त्यामुळे सगळं खापर उन्हावर फोडता येणार नाही. तरी पत्र्याखाली चार हात साखळीवर दिवसभर बांधलेल्या कुत्र्याची कल्पना करा. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण त्याला दिसतो, वास घेता येत नाही, पळून जाता येत नाही. भ्यायलेल्या प्राण्यापुढे दोनच वाटा असतात, पळणं किंवा लढणं. साखळीने पहिली वाट बंद केलेली असते.

असं कुत्रं चावण्याआधी बरंच काही सांगतं. नजर चुकवतं, ओठ चाटतं, झोप नसताना जांभई देतं, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल इतकं तिरकं पाहतं. मग अंग एकदम ताठ होतं, शेपटी थांबते, गुरगुर सुरू होते. गुरगुरलं म्हणून आपण त्याला काठी घालतो आणि त्याला एवढंच शिकवतो की गुरगुरायचं नाही. पुढच्या वेळी ते न सांगता चावतं. लोक म्हणतात, काही कारण नसताना चावलं.

चावलंच तर कुत्रं घरचं, लसीकरण झालेलं, महागड्या जातीचं आहे म्हणून थांबू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा.

पिल्लू घेणार असाल तर आणखी एक. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे, तरी महिनाभराची पिल्लं खोक्यात घालून विकली जातात. असं पिल्लू घेऊ नका. त्याची आई पाहा, ती माणसांत कशी वागते ते पाहा, आणि घरी आणल्यावर पहिल्या दोन महिन्यांत त्याला पोरं, म्हातारी माणसं, दूधवाला, गायी-म्हशी, मोटारसायकली सगळं दाखवा. दिवसातून दोनदा फिरवायला वेळ नसेल आणि उन्हाळ्यात सावलीची, थंड फरशीची जागा देता येत नसेल, तर मोठ्या जातीचं कुत्रं घेऊ नका. कुत्र्याला आवरण्यात हयगय करणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.