‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणता म्हणता हंगाम जातो : अडलेलं काम सुरू कसं करायचं?



“सर, सगळं ठरलंय, फक्त सुरुवात व्हायची राहिलीय.” प्रशिक्षणाला येणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. नाव ठरलेलं असतं, लोगो तयार असतो, व्हॉट्सअॅप ग्रुप निघालेला असतो. माल मात्र एक किलोही विकलेला नसतो. यावर घरचे म्हणतात, “आळशी झालाय.” मला ते पटत नाही. हाच माणूस रात्री दोनला लाईट आली की शेतात पाणी द्यायला उठतो. हीच ताई पहाटे पाचला उठून डबे करते. आळस असता तर तो सगळीकडे दिसला असता.

मग ठरावीक कामंच का अडतात? एक प्रयोग करा. कागद घ्या आणि महिनाभर पुढे ढकललेली कामं लिहा. प्रत्येकापुढे एवढंच लिहा : या कामात मला ‘नाही’ कोण म्हणू शकतं?

लोगो काढताना कुणी नाही म्हणत नाही, म्हणून तो एका रात्रीत होतो. बँकेत मॅनेजर नाही म्हणू शकतो. किराणा दुकानदार “आपल्याकडं हे चालत नाही” म्हणू शकतो. उधारीवाला फोन कट करू शकतो. आपण काम टाळत नसतो, तो नकार टाळत असतो. कॅनडातले टिमोथी पिकिल वर्षानुवर्षं चालढकलीवर संशोधन करत आलेत. त्यांचंही म्हणणं असंच आहे की हा वेळेच्या नियोजनापेक्षा भावना सांभाळण्याचा प्रश्न जास्त आहे. काम टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याचीच सवय लागते. म्हणून नुसती डायरी विकत घेऊन काही होत नाही. डायरी आणणं हेही एक ‘नाही’ नसलेलंच काम आहे!

आपल्याकडं उशीर महाग पडतो

मोठ्या शहरात पंधरा दिवस उशीर झाला तर पंधरा दिवसच जातात. आपल्या हिंगोली जिल्ह्यात वर्ष जाऊ शकतं, कारण आपला धंदा हंगामावर चालतो. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या आसपास हातात येतो. हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन बाजारात येते ती उन्हाळ्याच्या तोंडाला. घरोघरी वर्षाची हळद, तिखट, मसाला भरला जातो तोही एप्रिल-मे मध्येच. शेवया, कुरडया, पापड त्याच उन्हात.

समजा तुम्हाला हळद पावडर पाकिटात विकायची आहे. कल्पना चांगली आहे. आपली वसमतची हळद नावाजलेली आहे, 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. (पण पाकिटावर ते मानांकन छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी लागते, तेवढं लक्षात ठेवा.) आता उलटं मोजत या. एप्रिलमध्ये गिऱ्हाईक घेणार, म्हणजे मार्चअखेर पाकिटं दुकानात हवीत. त्याआधी लेबल छापून हवं. लेबलवर अन्न सुरक्षा नोंदणीचा 14 अंकी नंबर लागतो, म्हणजे नोंदणी त्याच्याही आधी. मधे एखादं कागदपत्र अडेल म्हणून महिना हातात धरा. म्हणजे फॉर्म जानेवारी संपता संपता भरायला हवा. मग नमुन्याचं दळण कधी? त्याच्याही आधी, जुन्या हळदीवर.

म्हणजे “उन्हाळ्यात सुरू करू” याचा खरा अर्थ “मकर संक्रांतीच्या आसपास दळायला घेऊ” असा होतो. बहुतेकांना हे एप्रिलमध्ये कळतं. आणि मग पुढचं वाक्य तयारच असतं : “आता पुढच्या वर्षी.”

तुमचा धंदा कोणताही असू द्या, शिलाई, झेरॉक्स, रोपवाटिका, केटरिंग. तुमचं गिऱ्हाईक पैसे घेऊन कधी बाहेर पडतं ती तारीख आधी भिंतीवर लिहा आणि तिथून मागं या. शाळेचे गणवेश शिवायचे असतील तर जूनमध्ये मशीन घेऊन काय उपयोग?

ऐंशी रुपये आणि चार पाकिटं

लिज्जत पापड सगळ्यांना माहीत आहे. सुरुवात कशी झाली ते मात्र फार कमी लोक नीट बघतात. 15 मार्च 1959. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका जमल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्याच एक. भांडवल 80 रुपये, तेही छगनलाल पारेख या समाजसेवकाकडून उसने घेतलेले. त्या दिवशी पापडाची चार पाकिटं तयार झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली गेली.

चारच पाकिटं, पण ती विकली. म्हणजे ‘नाही’ येण्याची शक्यता होती तिथं त्या सुरुवातीलाच जाऊन आल्या. आपण काय करतो? मशीन, शेड, कर्ज, सबसिडी हे सगळं आधी आणि पहिलं गिऱ्हाईक सगळ्यात शेवटी. मग तिथं नकार आला की दोन-तीन लाख अडकलेले असतात. चार पाकिटांवर नकार आला असता तर फार तर चार पाकिटं घरी खाल्ली असती.

यातली पुढची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. पहिल्याच वर्षी पावसाळा आला आणि पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. पापड खाटेवर पसरायचे, खाली शेगडी ठेवायची. पावसाळ्याचा प्रश्न मिटला. विचार करा, “पावसाळ्यात काय करायचं?” याचं उत्तर सापडेपर्यंत त्या थांबल्या असत्या तर? कदाचित महागडा ड्रायर घ्यायचा विचार करत बसल्या असत्या. काम चालू असल्यामुळं अडचण नेमकी किती मोठी आहे ते कळलं, आणि ती खाट-शेगडीएवढीच निघाली. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये. संस्था म्हणून नोंदणी झाली ती 1966 मध्ये, सात वर्षांनी.

आता कुणी म्हणेल, मग आम्हीही नोंदणी नंतर करू. तसं करू नका. आज खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षा नोंदणी आधी लागते. पण छोट्या उत्पादकाची मूळ नोंदणी वर्षाला 100 रुपये फीची आहे, त्यासाठी दोन वर्षं थांबायचं कारण नाही. उद्यम नोंदणी तर सरकारी पोर्टलवर मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइट दिसल्या तर तिथून बाहेर पडा. ज्यांच्याकडं मोजकेच कामगार आहेत, त्यांना 2017 च्या कायद्यानुसार शॉप अॅक्टची ऑनलाइन सूचना दिली की पुरते. “कागदपत्रांचं लई झंझट आहे” हे ऐकायला खरं वाटतं. प्रत्यक्षात यातली बरीचशी कामं एका दुपारची आहेत.

‘लोन करायचंय’ हे काम नाही

तुमच्या यादीत “लोन करणे”, “दुकान बघणे”, “मार्केटिंग” असं काही लिहिलंय का? ते खोडा. ही कामं नाहीत, ही गावांची नावं आहेत. कुठं जायचं ते कळतं, पहिलं पाऊल कुठं टाकायचं ते कळत नाही. जे हातांनी किंवा पायांनी करता येतं तेवढंच काम म्हणून लिहायचं.

“लोन करणे” च्या जागी लिहा : “सोमवारी अकराला बँकेत जाऊन मुद्रा कर्जाची कागदपत्रं काय लागतात ती यादी आणणे.” बघा, यात तुम्ही कर्ज मागतच नाही आहात, नुसती यादी मागताय. यादीला कुणी सहसा नाही म्हणत नाही. एकदा तो उंबरा ओलांडला, साहेबांचा चेहरा ओळखीचा झाला, की दुसरी खेप सोपी जाते. जाताना आपल्याला किती हवेत तेवढं ठरवून जा. मुद्रात 50,000 पर्यंत शिशु, त्यापुढं 5 लाखांपर्यंत किशोर. पहिल्या खेपेला बहुतेकांचं काम शिशुमध्ये भागतं, पण बोलताना दहा लाखांचा आकडा तोंडात येतो आणि मग आपल्यालाच त्याची भीती वाटते.

सबसिडीचंही तसंच. प्रक्रिया उद्योगाच्या पीएमएफएमई योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान आहे आणि ते चांगलंच आहे. पण ते बँक कर्जाला जोडलेलं आहे. बँक आधी तुमच्याकडं बघणार. “सबसिडी आली की सुरू करतो” म्हणणारा माणूस बँकेला काय दाखवणार? ज्यानं नोंदणी करून पन्नास पाकिटं विकली, वहीत लिहून ठेवली, त्याच्याकडं दाखवायला वही तरी असते.

कधी, कुठं, कशानंतर

पीटर गोलवित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा यावर एक साधा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना ख्रिसमसच्या सुट्टीत, सणानंतर दोन दिवसांच्या आत एक छोटा अहवाल लिहायला सांगितला. काहींना “कधी आणि कुठं बसून लिहिणार ते आत्ताच ठरवा” असंही सांगितलं. ज्यांनी ठरवलं त्यांच्यातल्या जवळपास पाऊण जणांनी वेळेत लिहिला. बाकीच्यांत एक तृतीयांश जणांनी. काम तेच, सुट्टी तीच.

आपल्या भाषेत सांगायचं तर कामाला खुंटी हवी. रोज आपोआप होणाऱ्या गोष्टीला ते टांगायचं. “वेळ मिळाला की करीन” ही खुंटी नाही. “शटर उघडून उदबत्ती लावली की काल संध्याकाळची विक्री वहीत लिहीन” ही खुंटी आहे. “पोरीला शाळेत सोडून परत येताना चौकातल्या दोन दुकानांत नमुना देईन” हीसुद्धा.

पंचवीस मिनिटांचा टायमर लावून काम करायची पद्धत तुम्ही यूट्यूबवर पाहिली असेल. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसानं विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवरून ती काढली. ऑफिसात बसणाऱ्याला ठीक आहे. दुकानदाराला सलग पंचवीस मिनिटं कोण देणार? “दादा, पाच रुपयांचं अमुक द्या” म्हणून कुणीतरी येतंच, आणि यायलाच पाहिजे. म्हणून दुकानात मिनिटं मोजू नका, नग मोजा. आज स्टॉकचा एक कप्पा. आज पाच बिलं. मधे गिऱ्हाईक आलं तर उठायच्या आधी चिठ्ठीवर दोन शब्द लिहा : “तिसऱ्या बिलापासून पुढं.” परत आल्यावर “कुठं होतो बरं?” यातच निम्मं काम बुडतं, ते वाचतं.

उधारीचा फोन

सगळ्यात जास्त ढकललं जाणारं काम हेच, आणि छोटं दुकान बुडतं तेही बऱ्याचदा इथंच. गाव छोटं, समोरचा नात्यातला नाहीतर ओळखीचा. मागितलं तर वाईटपणा, नाही मागितलं तर होलसेलवाला आपल्याला फोन करतो.

आदल्या रात्री तीनच नावं लिहा. सगळी उधारीची वही उघडून बसलात तर एकही फोन होणार नाही. सकाळी गर्दी व्हायच्या आत फोन लावायचा आणि पहिलं वाक्य तयार ठेवायचं, कारण अडतं ते पहिल्या वाक्यालाच. “दादा, हिशोब लिहायला बसलोय, तुमचे 1,840 निघतात. शनिवारी पाठवता का सोमवारी?” यात ‘देता का’ असा प्रश्नच नाही. शनिवार का सोमवार, एवढाच आहे. जी तारीख मिळेल ती त्यांच्यादेखत, म्हणजे फोनवरच, “लिहून घेतो हां” म्हणून लिहायची. सोमवार उलटला तर मंगळवारच्या तीन नावांत पहिलं नाव त्यांचं.

यादीत अजून एक प्रकारचं काम असतं. वर्षभर ढकललं जातं, आणि “इथं नाही कोण म्हणेल?” या प्रश्नापुढं तुमचंच नाव येतं. मुळात तो धंदा तुम्हाला करायचाच नसतो. मेव्हण्यानं सुचवलेला असतो, किंवा कुणाचा तरी व्हिडिओ बघून, कदाचित माझाच, डोक्यात बसलेला असतो. कधी घरात आजारपण असतं, डोक्यावर आधीचं कर्ज असतं आणि या वर्षी खरंच शक्य नसतं. ते काम सरळ खोडून टाका आणि ज्यांनी सुचवलं त्यांना तसं सांगून टाका. रोज डोळ्यांसमोर येऊन ते शेजारच्या कामांचाही जीव खातं. खोडल्यावर यादीत दोन-तीन कामं उरतील. त्यातल्या एकापुढं वार आणि वेळ लिहा, आणि खाली पहिल्या गिऱ्हाइकाचं किंवा साहेबांचं नाव.