टीव्हीच्या केबलवर घरभर नेट

मेश वायफायचा तीन डब्यांचा संच आणायचा, तो घरभर मांडायचा आणि मोबाइलवर पूर्ण रेंज दिसत असूनही व्हिडिओ का अडकतो म्हणून कपाळाला हात लावायचा, हा प्रकार आता ओळखीचा झाला आहे. दोष बहुधा डब्यांचा नसतो. बेडरूममधला डबा हॉलमधल्या डब्याशी हवेतूनच बोलतो आणि मध्ये आरसीसीच्या भिंती, लोखंडी कपाटं, बाथरूमच्या टाइल्स उभ्या असतात. शिवाय स्वस्त संचात डब्यांचं आपसातलं बोलणं आणि आपल्या मोबाइलशी बोलणं एकाच रेडिओवर चालतं, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो. दोन डब्यांमधल्या या वाटेला बॅकहॉल म्हणतात. ती तारेने जोडली की प्रश्न सुटतो. पण राहत्या घरात भिंत कोण फोडणार?

कित्येक घरांत ती तार भिंतीत आधीच पडून आहे: टीव्हीची केबल, म्हणजे कोअॅक्स. मधोमध एक तार, भोवती पांढरा फोम, त्यावर फॉइल आणि जाळी, वरून काळं आवरण. एटी अँड टीचे लॉइड एस्पेन्शीड आणि हर्मन अॅफेल यांना तिच्या आधुनिक रूपाचं अमेरिकी पेटंट १९३१ साली मिळालं. बाहेरच्या गोंगाटापासून आतला सिग्नल जपणं हेच तिचं काम, म्हणून ती आजही कामाला येते.

या केबलवरून नेट नेण्याच्या तंत्राचं नाव मोका. त्यामागची संघटना २००४ साली अमेरिकेत स्थापन झाली. केबल टीव्हीचे चॅनेल साधारण १,००० मेगाहर्ट्झच्या खाली असतात. मोका १,१२५ ते १,६७५ मेगाहर्ट्झमध्ये चालतं. म्हणून एकाच केबलमध्ये दोघं सुखाने नांदतात. मोका २.५ या आवृत्तीचा कमाल वेग सेकंदाला २.५ गिगाबिट आहे आणि एका जाळ्यात १६ उपकरणं बसतात. जोडणी सोपी: राउटरजवळ एक अॅडॉप्टर, बेडरूममध्ये दुसरा, मध्ये जुनी केबल आणि दुसऱ्या अॅडॉप्टरला इथरनेटने मेशचा डबा.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हे सहज जमतं. तिथे बहुतेक खोल्यांत केबलचा पॉइंट असतो आणि सगळ्या तारा बेसमेंटमधल्या स्प्लिटरवर येतात. व्हेरायझनने तर आपल्या फायोस या फायबर सेवेच्या अनेक घरांत फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंत मोकाच वापरलं.

घोडं पेंड खातं ते बहुधा स्प्लिटरपाशी. त्याच्या पत्र्यावर ‘५-१००० मेगाहर्ट्झ’ असं छापलेलं असेल तर तो मोकासाठी बनलेला नाही. १,६७५ पर्यंतचा हवा. (केबलवाल्याला सांगाल तर तो स्प्लिटर तत्परतेने बदलून देईल, त्याच जातीचा.) कनेक्टरही उघडून पाहावा. जाळीचा एखादा केसाएवढा धागा मधल्या तारेला टेकला तरी सगळं ठप्प होतं. केबल बाहेरच्या जाळ्याला जोडलेली असेल तर ती घरात शिरते तिथे मोकाचा फिल्टर लावायचा, नाहीतर आपला सिग्नल शेजाऱ्याच्या दारात जातो. अॅडॉप्टरला पासवर्ड घालायलाही विसरू नये.

आपल्याकडची खरी अडचण डीटीएच. डिशपासून सेट टॉप बॉक्सपर्यंतचा सिग्नल ९५० ते २,१५० मेगाहर्ट्झमध्ये येतो, म्हणजे मोकाच्या थेट अंगावर. त्यातच सेट टॉप बॉक्स डिशकडे १३ किंवा १८ व्होल्टची वीजही याच तारेतून पाठवतो. चालू डिशच्या तारेला मोका जोडू नये, हे निक्षून सांगतो. डिश काढली असेल तर तीच तार खुशाल वापरावी.

इथल्या फ्लॅटमध्ये केबल कन्सील्ड पाइपातून गेली असेल तर मात्र अॅडॉप्टरवर पैसे घालण्याआधी वायरमनला बोलवा. जुन्या केबलच्या टोकाला इथरनेटची कॅट-६ तार बांधून दुसऱ्या बाजूने ओढली आणि ती सरळ आली, तर मोकाची गरजच उरत नाही. पाइप चेपला असेल, वळणं जास्त असतील, तर केबल हलत नाही. तेव्हा मोका आहेच. दोन्ही वाटा खुल्या ठेवायच्या तर एवढंच करा: पुढच्या वेळी घराला रंग काढाल, तेव्हा टीव्हीच्या पॉइंटवर रंगाऱ्याला पुट्टी मारू देऊ नका.